तिच्या मेंदूतली ढाल

ऊन दोघांनाही एकाच दुपारी, एकाच रस्त्यावर लागलं. पडलेही दोघं हाकेच्या अंतरावर. पण उठली ती प्रणाली एकटीच, असं लोकेश निखाडे मनातल्या मनात म्हणायचा. बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण उठला तोही होता. फक्त पूर्वीचा लोकेश उठला नव्हता.

मे महिन्यात चंद्रपूरहून हिंगणघाटला एका लग्नाला निघालेले ते नवरा-बायको. भरदुपारी गाड्या बाहेर काढू नका असं सरकार अलीकडे दर उन्हाळ्यात बजावायचं, पण मुहूर्त गाठायचा होता. पारा पन्नाशीला टेकलेला. वाटेत गाडीची बॅटरी इतकी तापली की गाडी आपोआप बंद पडली. एसी गेला, काचा खाली होईनात, आत भट्टी झाली. दोघं उतरून दूर दिसणाऱ्या ढाब्याकडे चालू लागले. बाटलीतलं पाणी घोट घोट वाटून घेतलं. ढाबा दिसत होता, जवळ मात्र येत नव्हता. आधी लोकेश खाली बसला. त्याला उठवायला माणूस शोधते म्हणून प्रणाली पुढे निघाली, तीही थोड्या अंतरावर कोसळली. दुधाच्या टँकरवाल्याने दोघांना उचललं, आणि संध्याकाळपर्यंत ते नागपूरच्या इस्पितळात बर्फाच्या गाद्यांवर होते.

शुद्धीवर आल्यावर दोघांची अवस्था अगदी सारखी होती. जीभ जड. चालताना पाय फाकलेले. पाण्याचा पेला धरायला गेलं की हात त्याच्या पुढे निघून जायचा.

"आपण दोघंही पिऊन आलो असं वाटून राहिलं लोकांना," प्रणाली अडखळत म्हणाली आणि हसली. लोकेशही हसला. ते दोघांचं शेवटचं सारखं हसणं.

पावसाळा लागेपर्यंत तिची बोटं तिचं ऐकू लागली. गणपतीत तिने मोदकांच्या पाऱ्या केल्या. लोकेशला मात्र शर्टाचं बटण लावता येत नव्हतं.

आणि ही बोटं म्हणजे साधी बोटं नव्हती. लोकेश कॅरमचा राज्य विजेता होता, एकदा नव्हे, सलग काही वर्षं. खेळाडूंच्या राखीव जागेवर त्याला वीज केंद्रात नोकरी लागली ती ह्याच बोटांवर. प्रणाली कॉलेजात असताना त्याच्या क्लबमध्ये शिकायला आली होती. स्ट्रायकर कसा धरायचा हे त्याने तिला शिकवलं, आणि पुढे लग्न झालं. मूलबाळ झालं नाही. हॉलच्या मधोमध कॅरमचा बोर्ड असायचा, जेवणाचं टेबल कोपऱ्यात. तीही चांगली खेळायची, विदर्भाच्या संघात होती. पण घरच्या बोर्डावर तिने नवऱ्याला एकदाही हरवलं नव्हतं. पाहुण्यांना तो हे हसत सांगायचा, आणि तीही हसायची.

दिवाळीनंतर नागपूरला दोघांची पुन्हा तपासणी झाली. डॉ. निलोफर काझींनी दोन मेंदूंची चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. मेंदूच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, फुलकोबीच्या तुकड्यासारखा एक भाग दिसत होता.

"हा लहान मेंदू," डॉक्टर म्हणाल्या. "हात किती लांब न्यायचा, किती जोर लावायचा, हा अंदाज इथून येतो. इथे झाडासारख्या फांद्या असलेल्या मोठ्या पेशी असतात. त्यांना उष्णता सोसत नाही. शरीर फार तापलं की सगळ्यात आधी त्याच मरतात."

प्रणालीच्या चित्रात तो भाग बराचसा हिरवा होता. लोकेशच्या चित्रात काळपट डाग पसरले होते.

"पण ताप तर दोघांचा सारखाच होता ना, मॅडम?" लोकेशने विचारलं.

"अगदी सारखा. म्हणूनच तुम्ही दोघं माझ्यासाठी इतके महत्त्वाचे आहात." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "बघा, पेशीला इजा झाली की तिच्या शेजारच्या आधारपेशी धावून येतात. चांदणीसारख्या असतात त्या, आम्ही त्यांना तारापेशी म्हणतो. त्या जागच्या जागी इस्ट्रोजेन बनवतात. इस्ट्रोजेनला आपण फक्त बायकांचं संप्रेरक समजतो, पण जखमी पेशीसाठी ते ढालीसारखं असतं. पेशीच्या आतली वीजघरं फुटू देत नाही, आजूबाजूची आग भडकू देत नाही. सूज उतरवायला प्रोजेस्टेरॉन मदतीला येतं. पुरुषाच्या मेंदूतही हे सगळं होतं, टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनतं. पण बहुतेक बायकांत ही ढाल लवकर उभी राहते आणि भक्कम असते. पुरुषांत ती उशिरा येते. उन्हाला तेवढा उशीर पुरला."

"म्हणजे ती बाई आहे म्हणून वाचली?"

"सगळ्यांचंच असं होतं असं नाही. पण तुमच्या बाबतीत, हो."

लोकेशने बायकोकडे पाहिलं. ती ओशाळल्यासारखी मांडीवरच्या पर्सचा पट्टा नीट करत होती. किती सहज करत होती! त्याला वाटलं, तिने काही मिळवलं असतं, जास्त मेहनत घेतली असती, तर सोसता आलं असतं. हिला तर नुसतं मिळालं. जन्मतःच डोक्यात ढाल घेऊन आली, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

त्या दिवसापासून घरात एक गोष्ट राहायला आली. नाव कोणी घेतलं नाही.

सकाळी प्रणाली त्याच्या शर्टाची बटणं लावायची. तिची बोटं गळ्याशी आली की तो छताकडे बघायचा. वीज केंद्रात त्याला भांडाराच्या खिडकीवर बसवलं होतं. संध्याकाळी घरी आला की जिन्यातच स्ट्रायकरचा आवाज ऐकू यायचा. टक्, आणि मागून सोंगटी भोकात पडल्याचा तो मऊ आवाज. बोर्डाकडे न बघता नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं की तिचा कट सुधारलाय, रिबाउंड आता चुकत नाही. तो चपला काढताना उगाच आदळआपट करायचा.

"चहा ठेवू?"

"खेळ तू. मी ठेवतो."

"गॅसजवळ नको जाऊ ना रे. हात..."

"माहीत आहे मले माह्या हाताचं."

क्लबातले लोक चांगलेच होते, त्याचाच त्याला जास्त राग यायचा. "वहिनी काय खेळून राहिल्या, लोकेशभाऊ! तुमचाच हात घेतला त्यांनी," असं एकाने कौतुकाने म्हटलं, आणि लोकेशला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. घेतलाच की. माझाच घेतला.

जानेवारीत यवतमाळला विदर्भ अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात प्रणाली पोचली. प्रशिक्षक म्हणून लोकेश तिच्यामागे खुर्चीवर बसला होता. समोर भंडाऱ्याची तरुण मुलगी होती. आक्रमक, पण शेवटच्या सोंगट्यांवर घाबरणारी. बरोबरी झाली, निर्णायक बोर्ड, म्हणजे शेवटचा डाव, उरला. मधल्या विश्रांतीत प्रणाली पाणी पीत त्याच्याजवळ आली.

"काय करू?"

काय करायचं ते लोकेशला आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. सावकाश खेळायचं, आपल्या सोंगट्या काढत राहायचं, मुलीला शेवटापर्यंत ताणायचं. ती स्वतःच चुकली असती. त्याने बायकोच्या हाताकडे पाहिलं. पेला धरलेला हात, एक थेंब न सांडणारा.

"राणी लवकर घे," तो म्हणाला. "पहिली संधी मिळाली की घे."

प्रणालीने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि जाऊन बसली.

तिने राणी घेतली. पण राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालून ती पक्की करावी लागते, आणि तशी सोपी सोंगटी बोर्डावर नव्हती. फटका चुकला. राणी परत मध्ये ठेवली गेली, भंडाऱ्याच्या मुलीने ती उचलली, पक्की केली, आणि बोर्ड तिच्याकडे झुकला तो झुकलाच. टाळ्या वाजल्या तेव्हा लोकेशच्या छातीत काहीतरी सैल झालं. एक श्वासभर त्याला फार बरं वाटलं. त्यानंतर मात्र, परतीच्या वाटेवर, तिने "माझंच चुकलं" म्हणून डोकं खिडकीला टेकवलं, तेव्हा त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

फेब्रुवारीत डॉक्टरांचा फोन आला. नव्या उपचाराची चाचणी सुरू होत होती.

"नाकातून द्यायचं औषध आहे," त्यांनी भेटीत समजावलं. "अतिसूक्ष्म कुप्या मेंदूपर्यंत जातात आणि तारापेशींना एक सूचना देऊन येतात. शेजारची पेशी संकटात दिसली की इस्ट्रोजेन बनवा, आणि लगेच बनवा. मेलेल्या पेशी परत येणार नाहीत. पण तुमच्या बऱ्याच पेशी अर्धमेल्या आहेत. त्या उभ्या राहू शकतील."

"मग मी... म्हणजे दाढी वगैरे?"

डॉक्टर हसल्या. "रक्तात एक थेंब उतरत नाही. जे बनतं ते तिथेच बनतं आणि तिथेच खपतं. वर्षाने दुसरी मात्रा. ती घेतली तर परिणाम पक्का होतो. नाही घेतली तर सुधारणा आहे तिथेच थांबते."

प्रणालीने विचारलं, "बायकांना देऊन नाही राहिले का हे?"

"चाचणी फक्त पुरुषांवर आहे. बायकांना निसर्गाने दिलंय, असं समितीचं म्हणणं."

औषध लागू पडलं. आधी जीभ मोकळी झाली, मग पाय. पावसाळ्यात एका सकाळी लोकेशने शर्टाची बटणं स्वतः लावली आणि प्रणाली येईपर्यंत आरशासमोर नुसता उभा राहिला. तिने पाहिलं आणि पदराने तोंड झाकून रडली. त्याच्या मनात आलं, आता बघ. आता कळेल बोर्डावर कोण आहे ते. दिवाळीनंतर त्याने पुन्हा स्ट्रायकर हातात धरला. पूर्वीचा फटका नव्हता, दहांतले चार आडवे जायचे. पण दुसरी मात्रा बाकी होती.

मार्च उजाडला तसं ऊन चढलं. आणि एका रविवारी, घरच्या बोर्डावर, त्याने प्रणालीला हरवलं.

उन्हाळ्याच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच. तो ओरडलाच. तिच्याकडे पाहिलं, तर ती हसत होती आणि स्ट्रायकर उचलायला हात पुढे करत होती. हात स्ट्रायकरच्या पुढे निघून गेला. तिने तो मागे घेतला, पुन्हा नेला. पुन्हा पुढे गेला.

"कधीपासून?" लोकेशने विचारलं.

"थंडीत नव्हतं. गरम व्हायला लागलं की होते." ती खाली बघत म्हणाली. "पाळी बंद झाली ना माझी. मले वाटलं त्याचाच थकवा असेल."

तो जिंकला होता. गेलं वर्ष-दीड वर्ष ज्याची मनात वाट पाहिली ते समोर बोर्डावर पडलं होतं, आणि त्याला त्याचं काय करायचं ते कळेना.

नागपूरला पुन्हा दोन चित्रं शेजारी शेजारी लागली. ह्या वेळी त्याचा भाग हिरवा होत चालला होता, आणि तिच्या हिरव्यात काळे ठिपके उमटले होते.

"तुमच्याही पेशी त्या उन्हात जखमी झाल्याच होत्या," डॉक्टर प्रणालीला म्हणाल्या. "ढालीच्या आधाराने त्या तग धरून होत्या. पाळी थांबली की अंडाशयातून येणारा पुरवठा आटतो. ढाल उतरते. ह्या वयात पुरुषाला टेस्टोस्टेरॉनचा थोडा तरी कच्चा माल मिळत राहतो, बाईला तोही फार नाही. आता पुढचा प्रत्येक उन्हाळा त्या पेशींना जड जाणार."

"गोळ्या असतात ना संप्रेरकांच्या?" प्रणालीने विचारलं.

"तुमच्या आई आणि मावशी दोघी स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. सगळ्या शरीरात इस्ट्रोजेन सोडायचं धाडस मी करणार नाही. तुम्हाला हवं ते फक्त मेंदूत. म्हणजे लोकेशजींना दिलं तेच." डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी समितीला विनंती करतेय. पण औषध मोजकंच बनतं, प्रत्येक मात्रा कोणाच्या ना कोणाच्या वाट्याची आहे. चाचणीतल्या कोणी माघार घेतली तरच एक मोकळी होईल."

डॉक्टर दोघांकडे बघून बोलत नव्हत्या. पण खोलीत चाचणीतला माणूस एकच होता.

घरी आल्यावर लोकेशने पंखा लावला. मग म्हणाला, "माझी दुसरी मात्रा तू घे."

"नको."

"ऐक तर."

"मले दान नको, लोकेश." तिचा आवाज चढला. "तुह्या हाताचं स्वप्न मी पाहिलं नाही का? आता येऊन राहिला तो. आणि तू काय, यवतमाळची भरपाई करतो?"

लोकेशने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

"राणी कोणत्या वेळी घ्यायची नाही, हे कोणी शिकवलं मले? तूच ना?"

"मग घेतली काऊन?"

ती साडीच्या काठाला चिकटलेली बोर्डावरची बोरिक पावडर झटकत राहिली.

"तू त्या वर्षभरात माह्याकडून काहीच घेत नव्हता," ती म्हणाली. "बटण लावलं तरी वर पाहायचा. त्या दिवशी तू मले सांगितलं आणि तुह्या तोंडावर असं काही होतं, जसं भुकेल्या माणसाच्या असते. मले वाटलं, जाऊ दे. एक सामना घेऊन याचं पोट भरते तर भरू दे."

लोकेशला शरम वाटायला हवी होती. वाटलीही. पण शरमेच्या खालून, ओळखीचं, कडू, दुसरंच काही वर आलं. इथेही ही आपल्यापुढे निघून गेली. आपण चोरी करतोय असं समजत होतो, आणि हिने तर आपल्या हातात ठेवलं होतं. तो उठून गॅलरीत गेला. बाहेर रस्ता पांढराफटक तापलेला होता. मनातली ती जळजळ त्याला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा स्पष्ट दिसली, आणि तिच्याकडे बघता बघता त्याला एक गोष्ट उमगली. त्या रविवारी, तिचा हात चुकला तेव्हा, ही जळजळ नव्हती. काहीच नव्हतं. नुसती पोकळी.

पुढच्या आठवड्यात तो समितीपुढे गेला. प्रणालीला डॉक्टरांनी आग्रहाने बोलावलं होतं, ती मागच्या खुर्चीवर बसली. टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या पिकल्या केसांच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "निखाडे, तुमच्यावर घरचा दबाव नाही ना? तुमची सुधारणा इथेच थांबेल. तुम्ही खेळाडू आहात. हे समजून माघार घेताय?"

"समजून घेतोय, सर."

"कारण सांगाल? पत्नीवरचं प्रेम, असं लिहू का?"

लोकेशने मान हलवली. "तसं नका लिहू. ती खरं मानणार नाही."

"मग?"

"मी तिच्यावर जळतो, सर." तो हळू पण स्वच्छ बोलला, जीभ एकदाही अडखळली नाही. "उन्हातून ती वाचली, मी नाही, म्हणून. मी शिकवलं तिला, आणि ती माझ्यापुढे गेली, म्हणून. दोन वर्षं जळतोय. पण आता तिचा हात चुकायला लागला, तर मला जळताही येत नाही. आजारी माणसावर काय जळणार? मला ती धड पाहिजे. समोर बसलेली. मला हरवणारी."

डॉ. काझी खिडकीबाहेर बघत होत्या. मागून आधी हुंदक्यासारखा आवाज आला, आणि मग लोकेशच्या लक्षात आलं की प्रणाली हसतेय. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, हसतेय.

"घेते मी," ती मागूनच म्हणाली. "असं असेल तर घेते."

समितीने परवानगी द्यायला उन्हाळा घालवला. तेवढ्यात तिच्या आणखी काही पेशी गेल्या, पण पुष्कळ वाचल्या. डॉक्टरांनी त्या दोघांची चित्रं घेऊन दिल्लीपर्यंत भांडण नेलं, आणि पुढच्या चाचणीत पाळी गेलेल्या बायकांना जागा मिळाली. प्रणालीचा हात दिवाळीपर्यंत स्थिर झाला. लोकेशचा जिथे होता तिथे राहिला. सही चांगली येते, गाडी चालवता येते, भाजी चिरता येते. दहांतले चार फटके आडवे जातात.

थंडीत अकोल्याला राज्य स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात प्रणालीने शेवटच्या बोर्डावर असा एक कट मारला की लोकेशच्या शेजारी बसलेला पंच नकळत उभा राहिला. तो फटका लोकेशने आयुष्यात दोनदा मारला होता, आणि पुन्हा कधी मारणार नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रणालीने गर्दीत नवऱ्याला शोधलं.

लोकेशच्या मनात ती जुनी जळजळ उठली. त्याने टाळ्या वाजवायला हात उचलले, पण ते काही जुळेनात, आणि ह्या वेळी दोष लहान मेंदूचा नव्हता.

"काय लोकेशभाऊ, खूश ना?" कोणीतरी पाठीवर थाप मारली.

"नाही ना," तो म्हणाला आणि त्याला हसू फुटलं. डोळे भरून आले होते. "जळून राहिलो. लई जळून राहिलो."